विस्मृतीचे कारण शोधणारे वैद्य : डॉ. अलॉइस अल्झायमर

वार्धक्यात माणसाची स्मृती ढळू लागली की त्यासाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. म्हातारचळ लागला असे कोणी म्हणते, साठी आली की बुद्धी नाठी होते ही म्हण कोणी ऐकवते. कित्येक खेड्यांत तर याहून वाईट घडते. करणी झाली, बाहेरची बाधा झाली असे ठरवून म्हाताऱ्या आईला मांत्रिकापुढे बसविले जाते. या साऱ्या बोलण्यात एक गोष्ट समान आहे. त्यात दोष देणे आहे, हसणे आहे, भिणे आहे. कारणाचा शोध मात्र नाही. हे कारण मेंदूच्या पेशीत शोधून काढणाऱ्या एका वैद्याचे नाव आज त्या आजारालाच मिळाले आहे. नाव जगभर झाले, माणूस मात्र अपरिचित राहिला. म्हणून या स्मरणिकेत डॉ. अलॉइस अल्झायमर यांचे जीवनचरित्र थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यांच्या हातच्या कौशल्यावर हा शोध उभा राहिला आणि ज्यांची नावे मागे पडली, त्यांचेही स्मरण येथे करणे इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हांस अगत्याचे वाटते.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, माईन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वडील एडुआर्ड हे नोटरी होते. बर्लिन, ट्युबिंगन आणि व्युर्झबुर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८८७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय होता कानातील मळ तयार करणाऱ्या ग्रंथी. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बसण्याची जी सवय जडली, तीच पुढे आयुष्याची पुंजी ठरली.

१८८८ च्या डिसेंबरात ते फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्ण व अपस्मारग्रस्तांच्या नगरपालिका रुग्णालयात रुजू झाले. आपल्या नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालयाला लोक जसे सर्रास पागलखाना म्हणत आले, तसेच तेथील लोक या भव्य इमारतीला वेड्यांचा राजवाडा म्हणत. त्या काळी मनोरुग्णांना बांधून ठेवणे, कोंडणे, जबरदस्ती करणे ही युरोपातील अनेक ठिकाणची रीत होती. फ्रँकफुर्टचे संचालक एमिल सिओली यांनी ही रीत मोडावयाचे ठरविले आणि तरुण अल्झायमर यांनी त्यांना मनापासून साथ दिली. रुग्णाला बांधायचे नाही, त्याला कोमट पाण्याच्या दीर्घ स्नानाने शांत करायचे, आणि मुख्य म्हणजे त्याच्याशी बोलायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. दिवसभर रुग्णांची विचारपूस आणि सायंकाळी सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा दिनक्रम बसला.

१८८९ साली तेथे फ्रान्झ निस्सल हे सहकारी आले, आणि येथून मेंदूच्या रंजनाची कथा सुरू होते. रंजन म्हणजे ऊतीला रंग चढविणे. आपल्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी डी.एम.एल.टी. करून आज प्रयोगशाळांत काम करीत आहेत. त्यांना हे सांगणे नलगे. इतरांसाठी सांगतो. मेंदू लोण्यासारखा मऊ असतो. त्याला फॉर्मॅलिनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये ठेवून घट्ट करावे लागते. मग त्याचे केसाहूनही पातळ काप काढून काचपट्टीवर चढवितात. परंतु असा काप पाण्यासारखा पारदर्शक असतो. कितीही भारी सूक्ष्मदर्शक आणला तरी त्यात काही दिसत नाही. दिसावयाचे असेल तर रंग हवा. आणि असा रंग हवा की जो एका भागाला धरील व दुसऱ्याला सोडील. रंगाची ही निवड हीच या शास्त्राची किल्ली होय.

हे रंग आले कोठून? ते आले कापडाच्या धंद्यातून. १८५६ साली इंग्लंडमध्ये डांबरापासून कृत्रिम जांभळा रंग तयार झाला आणि पाहता पाहता जर्मनीत रंगांचे प्रचंड कारखाने उभे राहिले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. आपल्या समाजातील अनेक घरांच्या पिढ्या या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या. ज्या जातीच्या रंगांनी गिरण्यांचे कापड रंगत होते, त्याच रंगांनी जर्मन वैद्य मेंदूचे काप रंगवीत होते. १८८४ साली निघालेला काँगो रेड हा मूळचा सुती कापडाचा रंग. मेंदूतील विशिष्ट साका ओळखण्यासाठी तो आजही वापरला जातो. निस्सल यांनी विद्यार्थिदशेतच अशा एका डांबरी रंगाने चेतापेशी रंगवून दाखविल्या होत्या. पुढे त्यांनी मिथिलीन ब्लू वापरले. या रंगाने पेशीच्या आतील कण गडद निळे दिसतात आणि पेशी निरोगी आहे की खंगत चालली आहे हे कळते. ते कण आजही निस्सल यांच्याच नावाने ओळखले जातात.

फ्रँकफुर्टमध्येच कार्ल वायगर्ट हे आणखी एक रंजनतज्ज्ञ होते. चेतातंतूंवरील आवरण रंगविण्याची पद्धत त्यांनी शोधली. एवढी थोर कामगिरी असूनही जर्मन विद्यापीठाचे पूर्ण प्राध्यापकपद त्यांना कधी लाभले नाही. ते ज्यू होते. विद्वत्ता पुरेशी असून जन्म आड यावा, हा अनुभव आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. या कथेत तो पुढेही येणार आहे.

१८९४ साली अल्झायमर यांचा विवाह सेसिली गायझेनहायमर या ज्यू विधवेशी झाला. तीन मुले झाली. १९०१ च्या फेब्रुवारीत सेसिली यांचे अकाली निधन झाले. अविवाहित बहीण एलिझाबेथ यांनी घर व मुले सांभाळली, आणि अल्झायमर यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला रुग्णालयात एक एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचे नाव ऑगस्टे डेटर. पती कार्ल हे रेल्वे कचेरीत कारकून होते. ऑगस्टेबाईंचा संसार सुरळीत चालला होता. मग हळूहळू त्या पतीवर अकारण संशय घेऊ लागल्या, स्वयंपाकात चुका करू लागल्या, वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवू लागल्या, घरातल्या घरात वाट चुकू लागल्या. रेल्वेच्या कारकुनाला हा भार पेलेना.

दुसऱ्याच दिवसापासून अल्झायमर त्यांच्याजवळ बसू लागले. पहिला प्रश्न नावाचा. स्वतःचे नाव त्यांनी सांगितले. परंतु पतीचे नाव विचारता पुन्हा आपलेच नाव सांगितले. समोर फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते, ते खात असता आपण पालक खात आहोत असे त्या म्हणाल्या. नाव लिहावयास दिले तर अर्ध्यावर थांबल्या, पुढचे विसरल्या. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशी खंत त्या वारंवार व्यक्त करीत. अल्झायमर यांनी प्रश्न आणि उत्तर जसेच्या तसे टिपून ठेवले. एका सामान्य कारकुनाच्या पत्नीच्या तुटक बोलण्याला त्यांनी बडबड मानले नाही, पुरावा मानले. या चरित्रातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे.

१९०३ साली अल्झायमर प्रख्यात मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्याकडे आधी हायडलबर्गला आणि मग म्युनिकला गेले. म्युनिकच्या नव्या रुग्णालयातील प्रयोगशाळा त्यांनी उभी केली, तीही आरंभी बिनपगारी. पत्नीकडून आलेल्या संपत्तीमुळे ते शक्य झाले. निरनिराळ्या देशांतील तरुण त्यांच्याकडे शिकावयास येत. अल्झायमर एकेका विद्यार्थ्याजवळ बसून काप दाखवीत, सिगार बाजूला ठेवीत आणि बोलण्याच्या नादात तो तेथेच विसरून पुढच्या विद्यार्थ्याकडे जात. दिवसअखेर प्रत्येक सूक्ष्मदर्शकाजवळ एक थोटूक सापडे, अशी आठवण सांगितली जाते.

ऑगस्टेबाईंचा त्यांना विसर पडला नव्हता. फ्रँकफुर्टहून त्यांची हकीकत ते मागवीत राहिले. शेवटच्या काळात बाई अंथरुणाला खिळल्या, पाठीला जखमा झाल्या, त्या जखमांतून विष शरीरात भिनले आणि ८ एप्रिल १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. सिओली यांनी त्यांचा मेंदू व कागदपत्रे म्युनिकला पाठविली.

आता कामी आली ती एक नवी रंजनपद्धती. तिचे जनक माक्स बिल्शॉव्स्की. १९०२ ते १९०४ च्या दरम्यान बर्लिनमध्ये त्यांनी ती सिद्ध केली. तिच्यात रंगाऐवजी चांदी वापरतात. मतदानाच्या वेळी आपल्या बोटाला जी शाई लावतात, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते; उजेड लागताच ती काळी पडते आणि कित्येक दिवस निघत नाही. गुण तोच. मेंदूचा काप प्रथम सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मुरवावयाचा, मग अमोनिया मिसळलेल्या चांदीच्या द्रावणात घालावयाचा आणि शेवटी फॉर्मॅलिनने त्यातील चांदी धातुरूपात उतरवावयाची. पेशीतील सूक्ष्म तंतूंवर चांदी बसते आणि ते फिकट पार्श्वभूमीवर काळ्या रेघांसारखे उमटतात. काम फार नाजूक असते. भांडे नीट धुतलेले नसेल, पाणी शुद्ध नसेल, वेळ थोडा इकडेतिकडे झाला, तर सारा काप काळवंडून जातो. पुस्तक वाचून हे येत नाही. ते हाताला यावे लागते.

ऑगस्टेबाईंच्या मेंदूचा पृष्ठभाग आक्रसलेला होता. इटलीहून आलेल्या पेरुसिनी व बोनफिल्यो या तरुण सहकाऱ्यांसह अल्झायमर यांनी त्याचे काप चांदीने रंगविले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली, चेतापेशींच्या आतील तंतू जाड होऊन एकमेकांत गुंतले होते. पुष्कळ ठिकाणी पेशी मरून गेली होती आणि मागे केवळ हा काळा गुंता उरला होता. बाहेरच्या थरातील चेतापेशींपैकी सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा असा बिघडलेला होता. दुसरी, पेशींच्या बाहेर, सबंध पृष्ठभागावर बाजरीच्या दाण्यासारखे बारीक साके विखुरलेले होते. निस्सल यांच्या निळ्या रंगाने पेशींचा ऱ्हास कळत असे. त्या ऱ्हासाचे रूप चांदीने उघड केले. ज्या बाईंची वर्तणूक घरच्यांना अनाकलनीय वाटत होती, त्या वर्तणुकीमागे ही झीज होती. त्यात ना पाप होते, ना शाप.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगन येथे नैऋत्य जर्मनीतील मनोविकारतज्ज्ञांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी प्रा. आल्फ्रेड होखे होते. अल्झायमर यांनी आपले निष्कर्ष मांडले. सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही. चर्चा न होताच पुढचा विषय पुकारला गेला. पुढील वर्षी त्यांचा छोटासा लेख प्रसिद्ध झाला. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. खुद्द अल्झायमर मात्र सावध होते. हा खरोखर वेगळा आजार आहे की वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाचाच लवकर आलेला प्रकार आहे, याविषयीची शंका त्यांनी १९११ च्या लेखात मोकळेपणाने मांडली.

१९१२ साली ब्रेस्लाऊ विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. परंतु तेथे जातानाच प्रकृती बिघडली आणि हृदयविकार जडला तो कायमचा. १९ डिसेंबर १९१५ रोजी, पहिले महायुद्ध चालू असता, त्यांचे निधन झाले. वय होते एक्कावन्न. ऑगस्टेबाई रुग्णालयात आल्या तेव्हा त्यांचे होते तेवढेच. फ्रँकफुर्टच्या दफनभूमीत पत्नीशेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

चरित्र येथे संपते, परंतु इतिहास संपत नाही. अल्झायमर यांच्या लेखाच्याच वर्षी, १९०७ मध्ये, प्राग येथील ऑस्कर फिशर यांनी त्याच चांदीच्या पद्धतीने वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचे १६ मेंदू तपासले आणि त्यांपैकी १२ मध्ये ते साके असल्याचे दाखविले. अल्झायमर यांच्यापुढे एक रुग्ण होता, फिशर यांच्यापुढे सोळा. तरी फिशर यांचे नाव विस्मृतीत गेले. ते ज्यू होते. नाझींनी त्यांना पकडले आणि १९४२ साली तेरेझिनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. चांदीची पद्धत देणारे बिल्शॉव्स्की हेही ज्यू. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांची बर्लिनमधील संस्था सुटली. देशोदेशी फिरत ते अखेर लंडनला पोहोचले आणि १९४० मध्ये तेथेच वारले.

यापुढची गोष्ट अधिक भयंकर आहे. ट्युबिंगनच्या सभेचे अध्यक्ष होखे यांनी १९२० साली एका कायदेपंडितासह पुस्तिका लिहिली आणि जी आयुष्ये जगण्यास लायक नाहीत, ती संपवावीत असा विचार मांडला. १९४० व १९४१ या दोन वर्षांत नाझी राजवटीने मनोरुग्णालयांतील सत्तर हजारांहून अधिक रुग्णांना विषारी वायूने ठार केले. त्यांतील शेकडोंचे मेंदू संशोधकांनी मागवून घेतले, त्यांचे काप काढले आणि रीतसर रंगविले. रंग तेच होते, काचपट्ट्या त्याच होत्या. म्हणून आमचे म्हणणे असे, की शास्त्रीय पद्धती एकटी माणसाला सज्जन करीत नाही. अल्झायमर यांनी मेंदू रंगविण्यापूर्वी त्या बाईंच्या उशाशी बसून त्यांचे नाव विचारले होते. मारेकऱ्यांच्या यादीत रुग्णाला नाव असूनही माणूस म्हणून ते कोणी उच्चारले नव्हते. प्रज्ञेला करुणेची जोड का लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

पुढे कित्येक दशके अल्झायमरचा आजार म्हणजे पन्नाशी-साठीत येणारा दुर्मिळ विकार, आणि म्हातारपणीचे विसरणे म्हणजे निसर्गक्रम, अशीच समजूत राहिली. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे संशोधकांनी वृद्धांची हयातीत चाचणी घेतली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतील साके मोजले. ज्यांचे साके अधिक, त्यांची स्मृती हयातीत अधिक ढळलेली, असे आढळले. साठीबरोबर बुद्धी नाठी होतेच, हा समज तेथे खोटा ठरला. म्हातारपण वेगळे आणि हा आजार वेगळा. १९८४ मध्ये त्या साक्यांतील अमिलॉइड प्रथिनाची आणि त्यानंतर लवकरच गुंत्यांतील टाऊ प्रथिनाची ओळख पटली. त्यामुळे नेमके ते प्रथिनच रंगविणाऱ्या पद्धती निघाल्या. २००४ पासून तर कापडाच्या रंगांच्याच कुळातील एक द्रव्य शिरेतून देऊन जिवंत माणसाच्या मेंदूतील साक्यांचे चित्र घेता येऊ लागले. भारतात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी चालू आहे. मृत्यूनंतर नातेवाइकांनी दान केलेले मेंदू तेथे जतन करून अभ्यासले जातात.

त्याच १९९५ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयाच्या तळघरात ऑगस्टेबाईंची निळ्या पुठ्ठ्याची फाईल सापडली. तिच्यात अल्झायमर यांच्या हातची टिपणे होती आणि बाईंनी अर्धवट लिहिलेले नावही होते. पाठोपाठ म्युनिकमध्ये त्यांच्या मेंदूच्या काचपट्ट्याही मिळाल्या. नव्या पिढीच्या शास्त्रज्ञांनी त्या पाहिल्या. नव्वद वर्षांपूर्वी अल्झायमर यांनी जे वर्णिले होते, ते त्यांत तसेच होते.

हे सारे आम्ही एका निवासी शाळेच्या स्मरणिकेत का लिहावे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शंभरांत सातांहून अधिक. त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त आढळले. बालपणी शिक्षण न मिळणे हे या आजाराचा धोका वाढविणाऱ्या कारणांपैकी एक असल्याचे जागतिक संशोधनही सांगते. शिकण्याने मेंदूला जी शिदोरी मिळते, ती झीज सुरू झाल्यावरही काही काळ पुरते. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांच्याकडून ही शिदोरीही हिरावली गेली, असा याचा अर्थ होतो. आमच्या शाळेतील बहुतेक विद्यार्थी घरातील पहिले शिकलेले. त्यांच्या आईवडिलांनी स्वतः पाटी पाहिली नाही, पण मुलांना येथे आणून सोडले. ती मुले आज पुण्या-मुंबईत, बंगळूरला नोकरीस आहेत, आणि ते आईवडील सत्तरी-ऐंशीत गावी किंवा वस्तीत एकटे आहेत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आई तोच प्रश्न चार वेळा विचारू लागली, वडील ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागले, पैशाचा हिशेब जुळेनासा झाला, उगाच संशय येऊ लागला, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका आणि मांत्रिकाकडे तर नेऊच नका. मेडिकलला, मेयोला किंवा जवळच्या चांगल्या डॉक्टरकडे न्या. थायरॉईडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. अल्झायमरच निघाला, तर तो पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. परंतु वेळेवर कळले तर पुढची व्यवस्था लावता येते, घरातील वाद थांबतात, आणि आई मुद्दाम असे करीत नाही एवढे तरी सर्वांना कळते. जे प्रयोगशाळेत काम करतात, त्यांनी हातातील काचपट्टीवरचा क्रमांक वाचताना त्यामागे एक माणूस आहे हे ध्यानी ठेवावे. आणि घरी, ज्यांना आता आपले नाव आठवत नाही, त्यांच्याजवळ बसून आपणच आपले नाव पुन्हा सांगावे. ते जितक्या वेळा विचारतील, तितक्या वेळा सांगावे.